हिंगणे भरणी

यशवंत हिंगणे या माणसाने माझ्या बापाला फसवलं. बाप जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती आणि दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, तरी फसवलं. पैशाला नव्हे. पैशाला फसवलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. अडकलेला पैसा कसा काढायचा हे मला चांगलं कळतं.

या हिंगणे सरांना सगळे देवमाणूस म्हणतात. दौंडात म्हणतात, शिरुरात म्हणतात, माझ्याच शेडमधली मंदाताई म्हणते. म्हणोत. चार वर्षं त्यांच्याबरोबर मी काढली आहेत, त्यामुळे ते कसे होते हे मी सांगणार.

मी मूळचा तळेगाव ढमढेऱ्याचा. दहावी नापास. सायकलवर भंगार गोळा करत सुरुवात केली, आज शिरूरजवळ माझी स्वतःची शेड आहे. तिथे धातूच्या पावडरीपासून पंपाचे बुश बनतात. या धंद्यात धातू वितळवत नाहीत. त्याचं पीठ घ्यायचं, साच्यात दाबायचं आणि वितळण्याच्या जरा अलीकडे भाजायचं, म्हणजे कण एकमेकांना धरून बसतात. त्या काळात एका बंद पडलेल्या कारखान्यातून मी एक निर्वात भट्टी उचलली होती. आतली हवा काढून टाकून भाजणारी. बुशांना तिची काही गरज नव्हती. तीन दिवस घासाघीस करून निम्म्यात मिळाली म्हणून आणली, एवढंच.

त्या भट्टीचा वास काढत सर आले. साठी उलटलेली, पांढरा हाफ शर्ट, कॅनव्हासचे बूट, हातात स्टीलचा डबा. कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन दौंडला, रेल्वे लाइनीजवळच्या वडिलांच्या घरात परतले होते. वडील रेल्वेत गँगमन होते. भट्टीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, दाराच्या रबरावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "ही सोळाशेच्या वर जाते?"

"जाती की. का?"

"आणि तुम्ही हिच्यात बुश भाजता? विमानाच्या धावपट्टीवर कांदे वाळवताय तुम्ही, सोपानराव."

पहिल्या भेटीत माझ्याच शेडमध्ये उभं राहून मला असं बोलणारा हा पहिला माणूस. मी त्यांना तिथेच बाहेर काढायला हवं होतं. उलट चहा सांगितला.

चहा पिता पिता त्यांनी मला नायोबियम नावाचा धातू समजावून सांगितला. विमानाच्या इंजिनात सगळ्यात तापलेल्या जागी पाती फिरतात. ती आज निकेलची असतात आणि निकेलची ताकद आता संपत आली. नायोबियममध्ये सिलिकॉन घातलं तर त्याहून जास्त उष्णता सोसणारा मिश्रधातू होतो. पण तो ओतून करायला गेलं तर ठिसूळ होतो. पावडरीतून केला तर पोत बारीक येतो आणि जीव धरतो. त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेला बाहेरून अशा कांड्या करून हव्या होत्या. बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब. देशात फारसं कोणी हात घालत नव्हतं.

"तुमचं काय घ्याल?" मी विचारलं. भाव ठरल्याशिवाय मी पाण्याचा ग्लासही उचलत नाही.

"भरणीच्या, म्हणजे पावडर भरायच्या, पेटीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. वही माझी. आणि पाठ असलेली एक खुर्ची."

"आन् पैशे?"

"पेन्शन आहे."

भाव न करणारा माणूस मला कधीच आवडला नाही. भाव करणाऱ्याला काय हवं ते लगेच कळतं. न करणाऱ्याला काय हवं ते कळेपर्यंत उशीर होतो. माझ्या बाबतीत चार वर्षं उशीर झाला.

रोज सकाळी ते दौंडहून न्हावरामार्गे एसटीने यायचे. खिशात दोरीला बांधलेला एक लोहचुंबक असायचा. नायोबियमच्या पावडरीत लोखंडाचा कण चालत नाही, म्हणून जे समोर येईल त्यावर ते चुंबक फिरवायचे. पावडरीवर, चाळणीवर, टेबलावर, मंदाताईच्या बांगड्यांवर. एकदा माझ्या चहाच्या डब्यात सोडला. वर काढला तर टोकाला बारीक काळी मिशी.

"सोपानराव, तुम्ही रोज लोखंड पिता."

ती चहा पावडर मी दुकानदाराशी भांडून पाच किलो स्वस्तात आणली होती. मंदाताई तोंडाला पदर लावून हसत होती. कवठे येमाईची बाई, माझ्याकडे दहा वर्षं कामाला, आणि त्या दिवसापासून सरांच्या बाजूची. "शेठ, सर बरोबर बोलत्यात. त्या चहानं माझं पोट दुखायचं, तवा तुमी म्हनायचे कामचुकारी हाय."

त्यांचं दुसरं दैवत हवा. म्हणजे दुश्मन दैवत. "हवा चोर आहे," हे दिवसातून दहादा. नायोबियम हवेतला प्राणवायू खाऊन बसतं आणि मग काचेसारखं तडकतं. म्हणून पावडर बंद भांड्यात, आर्गन वायूत दळायची आणि भरायची ती काचेच्या पेटीत, बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून. सर त्या पेटीसमोर पाठ असलेल्या खुर्चीवर बसायचे, तेव्हा त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. मी मालक, माझीच जागा, आणि मला खुणेनं गप्प बसवायचे.

एकदा आमची नमुन्याची एक आखूड कांडी तेराशे अंशांवर तापून धडधाकट बाहेर आली. मी शेडभर पेढे वाटायला निघालो. सर म्हणाले, थांबा. त्याच कांडीचा तुकडा त्यांनी बुशांच्या साध्या भट्टीत, साडेसातशेवर ठेवला आणि डबा उघडून जेवायला बसले. वांग्याची भाजी सावकाश खाल्ली, हात धुतले, भट्टी उघडली. आत पांढुरका भुगा.

"मोठ्या आगीत हा टिकतो," ते म्हणाले. "मधल्या आचेत पडून राहिला की भुगा होतो. इंजिन तापताना आणि निवताना मधल्या आचेतूनच जातं. आता सांगा, पेढे कशाचे?"

पेढ्यांचा पुडा माझ्या हातात होता. त्यांनी त्यातला एक उचलून खाल्ला. त्यानंतर मिश्रणात क्रोमियम किती, टायटॅनियम किती, याचे खेळ करण्यात त्यांनी माझं सबंध वर्ष घातलं. भुगा होणं कमी झालं, हे कबूल करतो. कबूल करायच्या गोष्टी मी कबूल करतो. सगळेच करत नाहीत.

आता वही. या माणसाचा न्याय व्हायचा तर वहीवरूनच व्हायला हवा. लाल कापडी पुठ्ठ्याची, पानांवर आकडे घातलेली. प्रत्येक घाण्याला एक पान: पावडर कुठली, किती तास दळली, कुणी भरली, भट्टी कितीवर. पान संपलं की खाली सही. एकदा मला एका ड्रायव्हरला पत्ता लिहून द्यायचा होता, मी त्या वहीचं शेवटचं कोरं पान फाडलं. सरांनी पाहिलं. डबा उचलला आणि दौंडची गाडी पकडली. आठ दिवस आले नाहीत. शेवटी मीच दौंडला गेलो.

"सर, कोरं पान व्हतं हो."

"वहीतलं पान फाडायचं नसतं."

"पर त्याच्यावर काय लिवल्यालं न्हवतं!"

"ते वेगळं. सही नसलेलं पान कोरंच. कितीही लिहिलेलं असू दे, सही नाही तर ते घडलं नाही. आणि सही आहे तर जगबुडी आली तरी घडलं." मग मला चहा दिला. त्यांच्या चहात लोखंड नव्हतं.

हे वाक्य मी तेव्हाच पाठ करून ठेवलं. पुढे कामाला आलं.

कांड्यांचं खरं दुखणं भट्टीच्या आधीचं होतं. पावडर रबरी नळीत भरायची, तोंड बांधायचं आणि नळी पाण्याच्या भांड्यात घालून चारी बाजूंनी जबर दाब द्यायचा. बाहेर येते ती कच्ची कांडी. वीतभर लांबीची आमची प्रत्येक कांडी कमरेत बारीक व्हायची, डमरूसारखी. भाजली की तिथेच चीर. सरांनी चार महिने दळण्याचे तास बदलले, चाळण्या बदलल्या, रबर बदललं, वहीची तीसेक पानं सह्यांसकट भरली. कांडी डमरूच.

मी रोज काचेतून त्यांचं भरणं बघत होतो. ते चमच्याने नळीच्या तोंडातून पावडर सोडायचे, नळी काठोकाठ भरायचे आणि मग खाली टेबलावर आपटून वरून दाबायचे. बघताना माझे हात शिवशिवायचे. कारण त्यांची चूक मला पहिल्या दिवशी दिसली होती. बोललो नाही, कारण पेटीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं आणि ठरलेलं मी मोडत नाही.

माझा बाप, धोंडिबा, तळेगावच्या आठवडे बाजारात मापारी होता. पायलीने धान्य मोजून द्यायचा. पायली तीच, धान्य तेच, तरी भरणाऱ्याच्या हाताने त्यात मूठभर कमी बसतं किंवा मूठभर जास्त. उंचावरून बारीक धार सोडली तर दाणे दाबून बसतात. जवळून भसकन ओतलं तर पोकळ. एकदम भरून शेवटी आपटून वरून दाबलं तर तळ आणि तोंड दबतं, मधलं ढिलं राहतं. शेतकरी म्हणायचा मापारी व्यापाऱ्याला फितूर, व्यापारी म्हणायचा शेतकऱ्याला. दोन्हीकडून चोर. एकदा कोणीतरी त्याची पायली ओढ्यात फेकली होती. ती मी काढून आणली. बाप म्हणाला, "पुस आन् दे इकडं, लोकं खोळंबल्यात." तो हाताची उंची कधी हलू द्यायचा नाही. धान्य वर चढेल तसा हात वर. चार बोटं अंतर, कायम. थोडं भर, थोडं फिरव, थोडं बसव. दिवसभरात शंभर पायल्या मोजल्या तरी दोन पायल्यांत वजनाचा फरक सापडायचा नाही. हे मी तागडीवर पाहिलेलं आहे. बाजारात कोणी पाहिलं नाही.

शेवटी एका सकाळी लागोपाठ तिसरी कांडी मोडली तेव्हा मी म्हणालो, "सर, उठा."

"का?"

"उठा म्हंतो ना. एक नळी मला भरू द्या. बिघडली तर पावडर माझीच हाय."

ते उठले. त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मी हातमोज्यांत हात घातले, चमचा बाजूला टाकला, एक पातळ नरसाळं घेतलं आणि त्याचं तोंड नळीच्या आत पार तळाजवळ नेलं. पहिली मात्रा सोडली. तोंडातून आपसूक शब्द गेला: "लाभ." मापारी 'एक' म्हणत नाही, पहिल्या मापाला लाभ म्हणतो. मग दोन, तीन, चार. पावडर चढेल तसं नरसाळं वर, चार बोटं अंतर. प्रत्येक मात्रेला नळी तळहातावर गोल फिरवायची, दोनदा हलकं बसवायची. शेवटी आपटायचं नाही.

दाबून बाहेर काढली. सरांनी मोजपट्टी लावली. वर, मध्ये, खाली. पुन्हा लावली. पुन्हा. कांडी काठीसारखी सरळ.

"कुठे शिकलात हे?"

"बापाकडं. तळेगावच्या बाजारात."

त्यांनी बापाचं नाव विचारलं, मापारी म्हणजे काय ते विचारलं, 'लाभ' का म्हणतात ते विचारलं. मग वही उघडून बराच वेळ लिहीत बसले. मंदाताई मला म्हणाली, "शेठ, तुमचं आन् तुमच्या बापाचं नाव आलं बगा वहीत." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बापाचं नाव त्याआधी रेशनकार्डाशिवाय कशावरच लिहिलेलं नव्हतं.

त्या रीतीने आम्ही बारा कांड्या केल्या. भाजल्या. एकीलाही चीर नाही. सरांनी अहवाल लिहिला, कांड्या प्रयोगशाळेकडे गेल्या, पास झाल्या. काही महिन्यांनी तिथला एक तरुण अधिकारी पुढच्या खेपेसाठी आमची तपासणी करायला आला. हातात छापील कार्यपद्धती. मी भरायला बसलो. तो काचेतून बघत होता. मध्येच म्हणाला, "हात जरा वर जातोय तुमचा. हिंगणे भरणीत चार बोटं अंतर ठेवतात."

मी विचारलं, "कसली भरणी?"

त्याने कागद पुढे केला. सहावा टप्पा: हिंगणे भरणी. खाली माझ्या बापाचा हात, एकेक पायरी. गोल फिरवणं, दोनदा बसवणं, आपटायचं नाही. 'लाभ' तेवढं नव्हतं.

सर तिथेच उभे होते, दोन हात अंतरावर. चुंबकाची दोरी बोटाला गुंडाळत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं आता बोलतील. दोरी पूर्ण गुंडाळून झाली, मग ते ती सोडायला लागले.

अधिकारी गेल्यावर मी दार लावलं.

"सर, हे काय व्हतं?"

"तो नवीन आहे."

"तो नवा हाय. तुम्ही तर जुने हायत ना? तुमच्या तोंडात काय पावडर भरली व्हती?"

"नाव मी दिलेलं नाही, सोपानराव. अहवालात मी फक्त 'नियंत्रित भरणी' लिहिलं. हिंगणे हे त्यांनी लावलं."

"माझ्या बापाचं का न्हाई लिवलं?"

"मापारी असा शब्द लिहिला असता तर कांड्या न उघडता परत आल्या असत्या. ते लोक आधी शब्द बघतात, मग कांडी."

"म्हंजी लाज वाटली."

त्यांनी दोरी खिशात टाकली. मग म्हणाले, "हो. वाटली. तुमच्या वडिलांची नाही. चार महिने मी काचेसमोर बसून होतो आणि मला दिसलं नाही, त्याची."

मंदाताई मला नंतर म्हणाली, एवढं कबूल केलं, आता सोडा. मी सोडलं नाही. त्यांची लाज त्यांनी स्वतःपाशी ठेवावी. ती झाकायला माझ्या बापाचं धोतर कशाला? मी त्यांना नको ते बोललो. एकेरीवर आलो. त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली, वही पिशवीत घातली, डबा उचलला. परत आले नाहीत.

महिन्याभराने कळलं की ते दौंडचं घर बंद करून नागपूरला मुलीकडे कायमचे चालले आहेत. मी गाडी काढली आणि दौंड स्टेशन गाठलं. फलाटावर ते एका ट्रंकेवर बसलेले होते. तब्येत उतरलेली, बूट तेच. मला बघून हसले.

"बसा. भट्टीची निर्वातता किती येते सध्या?"

"वही दाखवा."

त्यांनी निमूटपणे पिशवीतून वही काढली आणि नेमकं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. शोधावं लागलं नाही. मी वाचलं. 'भरणी सोपानरावांनी केली. वडील धोंडिबा, तळेगावच्या बाजारात मापारी. पद्धत त्यांची. पहिल्या मात्रेला लाभ म्हणाले.' पुढे मापं, सगळी बरोबर.

खाली सही नव्हती.

मी मागची पानं उलटली. सही, सही, सही. मोडक्या कांड्यांच्या तीस पानांवर सही. पुढची उलटली. सही. मधलं तेवढं एक कोरं.

"सर, ही ऱ्हायली."

"राहिली नाही."

"मग करा." मी खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

"ही सही केली की अहवाल खोटा ठरतो, सोपानराव. अहवालात भरणी करणारा म्हणून मीच आहे, आणि त्यावरची सहीही माझीच आहे."

"मग ठरू द्या की खोटा! खरंच हाय ते!"

तेवढ्यात गाडी लागली. मी पान धरून ठेवलं होतं, एका झटक्यात फाटलं असतं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात काढला. मोबाइलवर पानाचा फोटो तेवढा घेतला, तेव्हा त्यांनीच वही सरळ धरली, सावली पडू नये म्हणून. मीच त्यांची ट्रंक आत चढवली. गाडी हलली तेव्हा ते खिडकीत बसले होते, मांडीवर वही उघडी, हातात माझं पेन. टोपण काढलेलं. फलाट संपेपर्यंत मी चालत राहिलो. पेन पानापासून चार बोटं वर होतं आणि ते खाली आलेलं मला दिसलं नाही.

फोटो मी प्रयोगशाळेकडे पाठवला. उत्तर आलं: सही नसलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही. सरांचंच वाक्य, सरकारी भाषेत. नागपूरला फोन लावतो. ते उचलतात, पावडर कुठून घेता, पेटीचे हातमोजे बदलले का, सगळं विचारतात. पानाचा विषय काढला की आवाज येत नाही म्हणतात. आणि इकडे प्रत्येक खेपेला माझ्याच पेटीवर मला कागद चिकटवावा लागतो: हिंगणे भरणी. नवीन येणाऱ्या बायकांना मंदाताई तेच नाव शिकवते, कारण तपासणीत तेच विचारतात.

तेव्हा सर, आता सगळ्यांसमोर विचारतो. प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही विचारतो, पण आधी तुम्हाला. वही तुमच्यापाशी आहे. पेनही माझंच तुमच्यापाशी आहे. त्या पानाखाली सही करा आणि पाठवा, नाहीतर का करत नाही ते लिहून खाली सही करा. मला उत्तर नका देऊ. तळेगावच्या बाजारात जन्मभर ज्याला चोर म्हणाले, त्या धोंडिबा मापाऱ्याला द्या.